ह्यूस्टनचे नियंत्रण केंद्र : रचना, रीत आणि धडा



चंद्रावर माणसाचे पहिले पाऊल पडले त्या प्रसंगाचा विषय निघाला की नील आर्मस्ट्राँग आणि एडविन ऑल्ड्रिन ही दोन नावे सर्वांच्या ओठांवर येतात. कोणी जाणकार असला तर तो चंद्राभोवती एकटाच घिरट्या घालीत राहिलेल्या मायकेल कॉलिन्सचीही आठवण करून देतो. परंतु त्या रात्री, म्हणजे भारतीय घड्याळाप्रमाणे २१ जुलै १९६९ ची मध्यरात्र उलटून पावणेदोन वाजत आले असता, अमेरिकेतील टेक्सास राज्यात, ह्यूस्टन शहराजवळच्या एका खिडक्या नसलेल्या दालनात काही तरुण माणसे कानाला श्रवणयंत्रे लावून बसली होती. यान उतरू लागण्यापूर्वी त्या दालनाची दारे बंद करून घेण्यात आली. आता कोणी आत यायचे नाही व कोणी बाहेर जायचे नाही, असा हुकूम होता. आजच्या व्याख्यानाचा विषय ते दालन हा आहे. तेथे कोणती यंत्रे होती हे सांगणे सोपे आहे. तेथे माणसे कशी बसवली होती, कोणी कोणाशी काय बोलायचे हे कसे ठरले होते आणि अखेरचा शब्द कोणाचा होता, हे समजून घेणे अधिक उद्बोधक आहे.

या व्यवस्थेचा आद्य शिल्पकार क्रिस्टोफर क्राफ्ट. व्हर्जिनिया राज्यातील लँग्ली येथे विमानांच्या चाचण्या घेणाऱ्या संशोधन केंद्रात तो अभियंता होता. ‘नासा’ ही संस्था १ ऑक्टोबर १९५८ रोजी कामाला लागली आणि माणसाला अवकाशात पाठवण्यासाठी लँग्लीतच एक छोटा गट नेमला गेला. उड्डाण चालू असताना जमिनीवरच्या माणसांनी काय करायचे, हे ठरवण्याची कामगिरी त्या गटात क्राफ्टच्या वाट्याला आली. विमानाच्या चाचणीत वैमानिक सर्वेसर्वा असतो. खालचे लोक त्याच्यामागून टिपणे घेतात. अवकाशयानाची गोष्ट वेगळी होती. ते सुमारे दीड तासात पृथ्वीला एक फेरी घालते. त्याच्या अंतर्भागातील दाब, तापमान, वीज, प्राणवायू यांची मापे रेडिओवाटे अखंड खाली येत असतात. ती सर्व वाचून त्यांचा अर्थ लावणे आत बसलेल्या एकट्या माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून जाणत्या माणसांचा एक मेळावा जमिनीवर हवा, आणि तो मेळावा गोंधळात पडू नये यासाठी त्याला घट्ट शिस्त हवी, हा विचार क्राफ्टने मांडला.

त्या शिस्तीतील सर्वांत मोठा नियम एका कटु अनुभवातून आला. २० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन पृथ्वीभोवती फिरत असताना, यानाचे उष्णतारोधक कवच सैल झाल्याची खूण नियंत्रण कक्षात उमटली. तो कक्ष तेव्हा फ्लोरिडातील केप कॅनाव्हरल येथे होता. कवच खरोखरच सुटले असते, तर वातावरणात शिरताना ग्लेन जळून गेला असता. ती खूण खोटी आहे, असे क्राफ्ट व त्याचे सहकारी यांचे मत होते. वरिष्ठांना तितकी खात्री वाटेना. परतीसाठी वापरायचा अग्निबाणांचा जुडगा एरवी टाकून दिला जात असे; तो कवचावर तसाच बांधलेला ठेवावा, म्हणजे कवच जागी राहील, असा निर्णय त्यांनी लादला. ग्लेन सुखरूप उतरला. खूण खोटीच होती, हेही पुढे ठरले. परंतु यानाची नाडी ज्यांच्या हाती त्यांचे मत बाजूला सारून दुसऱ्याच कोणी निर्णय घ्यावा, हे क्राफ्टला पटले नाही. उड्डाण चालू असताना अखेरचा शब्द उड्डाण संचालकाचा, हे तत्त्व पुढे लेखी नियमात आले. प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी व मोहिमेच्या यशासाठी आवश्यक ती कोणतीही कृती तो करू शकतो. वरिष्ठांना तो नापसंत असेल तर ते त्याला नंतर काढून टाकू शकतात. त्या घटकेला मात्र त्याचा हात धरू शकत नाहीत.

जून १९६५ मध्ये ‘जेमिनी ४’ या उड्डाणापासून सूत्रे ह्यूस्टनच्या नव्या केंद्राकडे आली. अग्निबाण तेव्हाही फ्लोरिडातूनच उडे. तेथील प्रक्षेपण कक्ष यान जमिनीवर असेपर्यंत त्याचा धनी असे. अग्निबाणाने उड्डाणमनोऱ्याचा माथा ओलांडला की त्या क्षणी जबाबदारी ह्यूस्टनकडे जाई. ही सीमा इतकी काटेकोर आखण्याचे कारण उघड आहे. दोन मालकांच्या घरात आग लागली तर पाणी कोणी आणायचे यावर वाद होतो; तो वाद घालण्यास येथे सवड नव्हती.

अपोलो मोहिमांच्या काळातील मुख्य दालन नाट्यगृहासारखे उतरत्या पायऱ्यांचे होते. समोरच्या भिंतीवर मोठे पडदे आणि त्यांच्याकडे तोंड करून यंत्रमेजांच्या चार रांगा. सर्वांत पुढच्या, खालच्या रांगेला तेथील लोक ‘खंदक’ म्हणत. यानाचा मार्ग, वेग, परतीचा हिशेब आणि यानावरील दिशादर्शक संगणक पाहणारी माणसे त्या खंदकात बसत. दुसऱ्या रांगेत वैद्य, आणि यानाच्या यंत्रणांवर लक्ष ठेवणारे अभियंते: कोणाकडे वीज व प्राणवायू, कोणाकडे इंजिने, कोणाकडे चंद्रावर उतरणारे छोटे यान. तिसऱ्या रांगेच्या मध्यभागी उड्डाण संचालक. त्याच्या आजूबाजूला दळणवळण, कार्यपद्धती आणि दिनक्रम सांभाळणारे. चौथ्या, सर्वांत उंच रांगेत वृत्तनिवेदक, संरक्षण खात्याचा प्रतिनिधी आणि नासाचे वरिष्ठ अधिकारी. बसण्याची ही मांडणी लक्षात घेण्याजोगी आहे. पदाने जे सर्वांत मोठे, ते सर्वांत मागे होते. पुढे चाललेले काम त्यांना दिसे, ऐकूही येई. हुकूम मात्र मधल्या रांगेतून सुटत.

दुसऱ्या रांगेत आणखी एक माणूस बसे. त्याच्या जागेला ‘कॅपकॉम’ म्हणत. यानातील प्रवाशांशी बोलण्याचा अधिकार साधारणपणे त्या एकालाच असे, आणि तो स्वतः अंतराळवीर असे. वीस जाणकार वीस सूचना करू लागले, तर अडचणीत सापडलेल्या माणसाला त्यातील एकही नीट ऐकू येणार नाही. म्हणून सर्व सूचना उड्डाण संचालकापाशी येत, तो निवाडा करी आणि कॅपकॉम तो निवाडा मोजक्या शब्दांत वर पोचवी. ऐकणाऱ्याला आवाज ओळखीचा वाटावा, आणि बोलणाऱ्याला त्या अरुंद यानात बसण्याचा सराव असावा, हा अंतराळवीराला त्या जागी बसवण्यामागचा हेतू. ‘अपोलो ११’ उतरत असताना ती जागा चार्ल्स ड्यूक याच्याकडे होती. पुढे १९७२ मध्ये तो स्वतः चंद्रावर चालून आला.

दालनातील माणसे एकमेकांकडे उठून जात नसत. प्रत्येकाच्या कानात एकाच वेळी अनेक ध्वनिवाहिन्या चालू असत. संचालकाची वाहिनी मोठ्या आवाजात, यानाची त्याहून थोडी हळू, आपल्या साहाय्यकांची आणखी हळू, अशी प्रत्येकाने आपली जुळणी करून घ्यायची. चार जणांचे बोलणे चालू असताना आपल्या कामाचा शब्द नेमका टिपणे ही कला त्यांना महिनोन्‌महिन्यांच्या सवयीने साधे. भाषा कमालीची तुटक असे. संचालक एकेकाला त्याच्या जागेच्या नावाने हाक मारी, आणि उत्तर ‘गो’ किंवा ‘नो गो’ एवढेच येई. चालू द्या, अथवा थांबा. ‘बहुधा’, ‘तसे वाटते’ या शब्दांना तेथे किंमत नव्हती. ज्याला खात्री नसे त्याने तसे स्पष्ट सांगायचे आणि आणखी किती वेळ हवा ते सांगायचे, हीही शिस्तच होती.

पुढे बसलेला प्रत्येक नियंत्रक हा हिमनगाचा माथा होता. त्याच इमारतीतील इतर खोल्यांत त्याच्या विषयाचे साहाय्यक बसत. त्यांना बारीकसारीक मापे अधिक तपशिलाने दिसत. त्यांच्याही पाठीशी यान बांधणारे कारखाने आणि संगणकाची आज्ञावली लिहिणारी मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या संस्थेतील मंडळी होती. प्रश्न वरून खाली जाई, उत्तर खालून वर येई. एका क्षुद्र वाटणाऱ्या झडपेविषयी जगात ज्याला सर्वांत अधिक ठाऊक आहे, त्या माणसापर्यंत काही क्षणांत पोचता यावे, अशी ही साखळी होती.

मोहीम दिवसरात्र चाले, म्हणून नियंत्रकांच्या अनेक पाळ्या असत. प्रत्येक उड्डाण संचालकाच्या तुकडीला एक रंग दिलेला असे: क्राफ्टचा लाल, जीन क्रान्झचा पांढरा, ग्लिन लनीचा काळा. नव्या पाळीचा माणूस आधी येई, जुन्याच्या शेजारी बसे, त्याची टिपणवही वाची, वाहिन्या ऐके. सर्व धागे हाती आल्यावरच खुर्ची बदले. प्रत्येक मेजावर अशी वही असे आणि काय घडले, कोणी काय विचारले, काय ठरले, हे त्यात वेळेनिशी लिहिले जाई. पाळी संपवून घरी गेलेल्या माणसाला झोपेतून उठवून विचारण्याची वेळ येऊ नये, इतकी ती नोंद पुरती हवी.

या सर्वांहून महत्त्वाची वस्तू म्हणजे मोहीम-नियमांचा ग्रंथ. अमुक बिघाड झाला तर उड्डाण चालू ठेवायचे की सोडून द्यायचे, अमुक माप किती खाली आले म्हणजे परत फिरायचे, याचे शेकडो नियम उड्डाणाआधी कित्येक महिने बसून, भांडून, हिशेब करून लिहिले जात. संकटाच्या क्षणी विचाराला वेळ नसतो. तेव्हा तो विचार स्वस्थ चित्ताने आधीच करून ठेवावा, हे त्यामागचे सूत्र. आणि नियम कागदावर राहू नयेत म्हणून लुटुपुटीची उड्डाणे होत. सराव-प्रमुखाचे कामच असे की खोटे बिघाड रचायचे आणि नियंत्रकांना कोंडीत पकडायचे. त्या दालनात खरी उड्डाणे थोडी झाली. खोटी अगणित झाली. खोट्या उड्डाणांत यान कित्येकदा चंद्रावर आपटले, आणि प्रत्येक वेळी चूक कोणाची व का झाली याची सर्वांसमक्ष चिकित्सा झाली. त्या चिकित्सेत पद आणि वय पाहिले जात नसे.

‘अपोलो ११’ च्या उड्डाणाला दोन आठवडे उरले असता असाच एक सराव झाला. यान उतरत असताना संगणकाने धोक्याचा एक सांकेतिक आकडा दाखवला. यानावरील संगणकाची जबाबदारी स्टीव्ह बेल्स या तरुण नियंत्रकाकडे होती. त्या आकड्याचा अर्थ त्याला कळेना, तेव्हा त्याने उतरणे सोडून देण्याची शिफारस केली आणि संचालक क्रान्झने ती मानली. सरावानंतर सराव-प्रमुखाने सांगितले : हा निर्णय चुकला. संगणकावर कामाचा बोजा अधिक झाला, एवढाच त्या आकड्याचा अर्थ होता. महत्त्वाची कामे तो करीतच होता. यान उतरू शकले असते. क्रान्झने बेल्सला सांगितले की असे जेवढे आकडे संभवतात, त्या सर्वांची छाननी करा. हे काम मागच्या खोलीत बसणाऱ्या जॅक गारमनकडे गेले. त्याने प्रत्येक आकडा, त्याचा अर्थ आणि त्यावर करायची कृती यांची यादी हाताने लिहून काढली.

आणि मग तो दिवस उगवला. यान चंद्राच्या पृष्ठभागाकडे झेपावत असता आर्मस्ट्राँगचा आवाज आला : आकडा १२०२. यानातील दोघांनाही त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. काही क्षणांनी त्याने पुन्हा, थोड्या निकडीने विचारले. गारमनने आपल्या यादीकडे पाहून बेल्सला सांगितले की हा आकडा सतत येत राहिला नाही, तर हरकत नाही. बेल्सने क्रान्झला ‘गो’ दिले, ड्यूकने ते वर कळवले. पहिल्या हाकेपासून उत्तर पोचेपर्यंत अर्धा मिनिटही लागला नव्हता. पुढे तो आकडा पुन्हा आला, त्याचा भाऊ शोभेल असा १२०१ ही आला. उत्तर तेच राहिले. यान उतरले. तेव्हा बेल्सचे वय २६ होते आणि गारमनचे २४.

या प्रसंगातील साखळी नीट पाहावी. चोवीस वर्षांच्या माणसाने लिहिलेला कागद, त्याच्यावर विश्वास ठेवणारा सव्विसाचा नियंत्रक, त्याच्या एका शब्दावर उतरणे चालू ठेवणारा संचालक, आणि मागच्या रांगेत बसून एक अक्षर न बोलणारे वरिष्ठ. यांपैकी एक दुवा जरी निसटला असता, तरी यान न उतरताच परतले असते. ज्याला ठाऊक आहे त्याने बोलायचे, ज्याला ठरवायचे आहे त्याने ऐकायचे, आणि ज्याचे काम नाही त्याने मधे पडायचे नाही, हे या दालनाच्या यशाचे खरे मर्म होते.

पुढच्याच मोहिमेत त्याचा पुन्हा प्रत्यय आला. १४ नोव्हेंबर १९६९ रोजी ‘अपोलो १२’ पावसाळी आभाळात उडाले आणि पहिल्या मिनिटाच्या आतच त्यावर दोनदा वीज कोसळली. विद्युत् यंत्रणेचे दिवे भराभर लागले, जमिनीवर येणारी मापे निरर्थक झाली. वीज-यंत्रणा सांभाळणाऱ्या जॉन आरनला तसलीच विस्कटलेली मापे एकदा एका चाचणीत पाहिल्याचे आठवले. त्या वेळी ती गोष्ट कोणी त्याला शोधायला सांगितली नव्हती. कुतूहलाने त्यानेच मूळ शोधून काढले होते. त्याने एक बटन दुसऱ्या बाजूस वळवण्यास सांगितले. संचालकाला ते बटन ठाऊक नव्हते, कॅपकॉमलाही नव्हते. तरी सूचना वर गेली. यानातील ॲलन बीनला ते बटन माहीत होते. त्याने ते वळवले आणि मापे पुन्हा वाचता येऊ लागली. एप्रिल १९७० मध्ये ‘अपोलो १३’ चा प्राणवायूचा साठा फुटला, तेव्हा याच माणसांनी चार दिवस अहोरात्र खपून तिघा प्रवाशांना १७ एप्रिल रोजी परत आणले. ती कथा चित्रपटामुळे सर्वश्रुत झाली आहे, म्हणून येथे तिचा विस्तार नको.

येथवरची हकीकत कोणालाही अभिमान वाटावा अशी आहे. परंतु एखाद्या संस्थेची पारख केवळ तिच्या विजयांवरून करणे हे अर्धसत्य ठरेल. २७ जानेवारी १९६७ रोजी जमिनीवरच्याच एका चाचणीत यानाला आग लागून तीन अंतराळवीर मृत्युमुखी पडले होते. त्यानंतर क्रान्झने आपल्या नियंत्रकांना एकत्र बोलावून सांगितले की दोष दुसऱ्यांवर ढकलता येणार नाही. काम घाईत चालले आहे हे सर्वांना दिसत होते आणि कोणीही ‘थांबा’ म्हटले नाही. वर वर्णिलेली कडक शिस्त त्या आगीतून अधिक तावून निघाली होती. मात्र अशी शिकवण एकदा मिळाली म्हणजे ती कायमची राहते, असे नाही.

१६ जानेवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ हे अंतराळयान सात जणांना घेऊन उडाले. त्यांत हरयाणातील कर्नालची कल्पना चावला होती. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरील फेसाळ आवरणाचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. दुसऱ्या दिवशी चित्रफिती पाहताना तो आघात ध्यानात आला. परंतु चित्रे अस्पष्ट होती. काही अभियंत्यांना चिंता वाटली. लष्कराकडील साधनांनी त्या पंखाची छायाचित्रे घ्यावीत, अशी त्यांनी वेगवेगळ्या मार्गांनी विनंती केली. ती छायाचित्रे घेतली गेली नाहीत.

असे का व्हावे? मोहिमेवर देखरेख करणारे एक व्यवस्थापन मंडळ होते, आणि ते उड्डाण संचालकाच्याही वर होते. असे तुकडे पूर्वीच्या उड्डाणांतही सुटले होते आणि याने परत आली होती. म्हणून ही नित्याची, परतल्यावर डागडुजी करण्याची बाब आहे, असा समज तेथे रुजला होता. छायाचित्रांची अधिकृत मागणी योग्य पायरीने आलेली नाही, असे दिसताच विषय मिटवण्यात आला. धोका आहे हे सिद्ध करण्याचा भार अभियंत्यांवर पडला. आणि ज्या छायाचित्रांनी ते सिद्ध झाले असते, तीच मिळाली नाहीत. एका अभियंत्याने आपली कळकळ स्पष्ट शब्दांत लिहून काढली आणि ते पत्र वरिष्ठांना पाठवलेच नाही. २३ जानेवारीला यानाच्या कप्तानाला खालून संदेश गेला की काळजीचे कारण नाही.

१ फेब्रुवारी २००३ च्या सकाळी ‘कोलंबिया’ परतीच्या वाटेवर वातावरणात शिरले. ह्यूस्टनच्या दालनात प्रथम डाव्या पंखातील काही तापमापके एकाएकी गप्प झाल्याची वर्दी आली. उड्डाण संचालक लिरॉय केन याने शांतपणे विचारले की या मापकांना जोडणारे काही समान कारण दिसते काय. नियंत्रकाने नाही म्हटले. मग डाव्या चाकांच्या दाबाची मापे गेली. मग कप्तानाचा आवाज अर्ध्या शब्दावर तुटला. कॅपकॉम पुनःपुन्हा हाका मारीत राहिला. टेक्सासच्या आकाशात यानाचे तुकडे पडताना लोकांनी पाहिले, ही वार्ता पोचली, तेव्हा केनने हुकूम दिला : दारे बंद करा. कोणी बाहेर जायचे नाही, बाहेर दूरध्वनी करायचा नाही; प्रत्येकाने आपली मापे जतन करावी आणि टिपणवही पूर्ण करावी.

१९६९ मध्ये दारे बंद झाली ती कोणाचे चित्त विचलित होऊ नये म्हणून. २००३ मध्ये ती बंद झाली ती पुरावा नष्ट होऊ नये म्हणून. नियम दोन्ही वेळी तितक्याच निष्ठेने पाळला गेला. दालनातील शिस्तीत त्या सकाळी काही उणे नव्हते. उणे पडले होते ते आधीच्या दोन आठवड्यांत, दालनाबाहेरच्या सभांत आणि पत्रव्यवहारात. चोवीस वर्षांच्या गारमनचा कागद अर्ध्या मिनिटात चंद्रापर्यंत पोचला होता. त्याच संस्थेत अनुभवी अभियंत्यांची शंका दोन आठवड्यांत दोन जिने चढू शकली नाही.

ॲडमिरल हॅरॉल्ड गेमन यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ मध्ये आपला अहवाल दिला. फेसाच्या तुकड्याने पंखाला भोक पाडले, हे त्यांनी प्रयोगाने दाखवले. तथापि संस्थेची कार्यसंस्कृती ही त्या तुकड्याइतकीच अपघाताला कारणीभूत आहे, असा त्यांचा स्पष्ट निष्कर्ष होता. धोका वेळीच ओळखला गेला असता तर ‘अटलांटिस’ हे दुसरे यान घाईने सज्ज करून प्रवाशांना सोडवता आले असते काय, याचीही त्यांनी तपासणी करविली; ते अतिशय अवघड होते, परंतु अशक्य नव्हते, असे उत्तर मिळाले. त्यानंतर जी उड्डाणे झाली त्यांत प्रत्येक यानाच्या कवचाची अवकाशात असतानाच बारकाईने पाहणी होऊ लागली. ज्या छायाचित्रांची मागणी तेव्हा अनावश्यक वाटली, ती नंतर परिपाठाचा भाग झाली.

भारताचे अवकाशकार्यही याच अनुभवाच्या वाटेने गेलेले आहे. श्रीहरिकोट्याहून अग्निबाण उडतो आणि यानाचा पुढचा सांभाळ बेंगळुरूचे ‘इस्ट्रॅक’ हे केंद्र करते. दूरच्या यानांशी संभाषण करणाऱ्या मोठ्या तबकड्या शहराबाहेर ब्यालाळू येथे आहेत. येथे आणखी एक अडचण येते, ती अंतराची. २४ सप्टेंबर २०१४ रोजी ‘मंगळयान’ मंगळाच्या कक्षेत शिरले, तेव्हा त्याचा संदेश पृथ्वीवर येण्यास बारा मिनिटांहून अधिक काळ लागत होता. अशा ठिकाणी क्षणाक्षणाचा हुकूम देता येत नाही. सर्व आज्ञा काही दिवस आधीच यानाच्या स्मृतीत भराव्या लागतात. चंद्र जवळ असला तरी तेथे उतरणाऱ्या मानवरहित यानाने अखेरचा टप्पा स्वतःच पार पाडायचा असतो. सप्टेंबर २०१९ मध्ये ‘चांद्रयान २’ चा ‘विक्रम’ उतरताना चंद्रावर आदळला. त्यानंतर इस्रोच्या अभियंत्यांनी प्रश्नच उलटा मांडला: काय काय नीट होईल याऐवजी काय काय बिघडू शकेल, याची यादी करून त्यांनी नवे यान घडवले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ‘चांद्रयान ३’ दक्षिण ध्रुवाच्या बाजूला सुखरूप उतरले. त्या संध्याकाळी बेंगळुरूच्या दालनातील माणसे मुख्यतः पडद्याकडे पाहत होती. त्यांचे काम चार वर्षांच्या चिकित्सेत आणि सरावात होऊन गेले होते.

ह्यूस्टनचे काम आजही थांबलेले नाही. नोव्हेंबर २००० पासून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात माणसे अखंड राहत आली आहेत आणि नव्या दालनांत पाळ्या बदलत आहेत. मॉस्कोजवळील केंद्र, जपानमधील त्सुकुबा, जर्मनीतील म्युनिकजवळचे केंद्र ही त्या कामात भागीदार आहेत. उड्डाण संचालक, कॅपकॉम, ध्वनिवाहिन्या, टिपणवही हा साठ वर्षांपूर्वीचा साचा बहुतांशी टिकून आहे. २०११ मध्ये त्या केंद्राला क्राफ्टचे नाव देण्यात आले. अपोलोच्या काळातील जुने दालन २०१९ साली, चंद्रावतरणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, पूर्वीच्या रूपात सजवून प्रेक्षकांसाठी खुले झाले. मेजांवर त्या काळचे कॉफीचे पेले आहेत, राखदाण्या आहेत, नियमांची बाडे आहेत. त्याच महिन्यात, २२ जुलै २०१९ रोजी, क्राफ्टचे निधन झाले.

शतक पूर्ण करणाऱ्या संस्थेच्या सोहळ्यात हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. जुनी दालने जतन करणे, जुन्या नोंदी सांभाळणे हे ग्रंथालयाइतके कोणाला कळणार? परंतु ह्यूस्टनची हकीकत आणखी एक गोष्ट सांगते. नियमांचा ग्रंथ १९६९ मध्ये होता तसाच २००३ मध्येही कपाटात होता. तो लिहिणाऱ्यांनी परस्परांचे ऐकण्याची जी रीत घालून दिली होती ती मात्र वापराअभावी झिजली होती. संस्था शंभर वर्षांची झाली म्हणजे तिच्यापाशी मागच्या रांगेत बसणारी, अनुभवाने थोर अशी माणसे पुष्कळ असतात. मागच्या खोलीत बसलेल्या चोविशीतील साहाय्यकाने हाताने लिहिलेला कागद त्यांच्यापर्यंत किती वेळात पोचतो, हे ज्या त्या संस्थेने अधूनमधून तपासून पाहावे, एवढेच निवेदन करून हे व्याख्यान येथे संपते.